मांजराचें लंघन

मांजराविषयीं आपल्या भाषेंत ज्या म्हणी आहेत, त्यांतील बऱ्याचशा त्याच्या खाण्याविषयीं आहेत. शिंकें तुटलें म्हणजे बोक्याचें साधतें; मांजर डोळे मिटून दूध पितें आणि आपणांस कोणी पाहत नाहीं असें समजतें. मांजर म्हणजे खादाड, चोरटें व लबाड, असें चित्र लोकांच्या मनांत ठसलेलें आहे. असल्या प्राण्यानें एखाद्या दिवशीं बशीकडे पाठ फिरविली, तर घरांतील मंडळी काय म्हणतात? "शेजारीं जेवून आलें असेल," "उंदीर मारला असेल," "नखरे करीत आहे," किंवा "राहूं दे उपाशी, भूक लागली म्हणजे आपोआप येईल." या चार उत्तरांपैकीं पहिलीं दोन पुष्कळ वेळां खरीं असतात. तिसरें क्वचित् खरें असतें. चौथें मात्र मांजराच्या बाबतींत धोक्याचें आहे; आणि तें कां धोक्याचें आहे व त्या वेळीं आपण काय करावें, हें विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या पालकांस सांगावें एवढ्याचसाठीं हा लेख आम्ही लिहीत आहों.

आपल्याकडे लंघनाचें माहात्म्य मोठें आहे. अंगांत ताप भरला किंवा अजीर्ण झालें, कीं घरांतील वडील माणसें प्रथम रोग्याचें जेवण बंद करितात. शिवाय उपवास हा आपणां सर्वांच्याच धर्माचरणाचा भाग आहे. आमच्या शाळेंत एकादशी करणाऱ्या घरचीं, रमजानचे रोजे ठेवणाऱ्या घरचीं आणि लेंटचे उपास पाळणाऱ्या घरचीं मुलें एकाच बाकावर बसतात. आणि दिवसभर न जेवल्यानें निरोगी मनुष्याचें कांहीं बिघडत नाहीं, हें त्या सर्वांस ठाऊक असतें. हाच न्याय आपण नकळत मांजरास लावितों. परंतु मनुष्याचें शरीर आणि मांजराचें शरीर यांत नेमकें येथेंच मोठें अंतर आहे.

मनुष्यास अन्न मिळेनासें झालें म्हणजे त्याचें शरीर काटकसर करूं लागतें. प्रथम तें सांठविलेली साखर वापरतें, मग चरबी जाळतें, आणि स्नायूंतील प्रथिनें शक्य तितकीं राखून ठेवितें. मांजरास ही काटकसर साधत नाहीं. तें मूळचेंच मांसाहारी. त्याच्या पूर्वजांनीं पिढ्यान्‌पिढ्या उंदीर, पक्षी व सरडे यांवर निर्वाह केला. त्यामुळें प्रथिनें जाळून शक्ति निर्माण करणारी त्याच्या यकृतांतील भट्टी सदैव पेटलेली असते, आणि अन्न येईनासें झालें तरी ती पुरेशी मंद होत नाहीं.

अशा स्थितींत मांजर उपाशी राहिलें, म्हणजे अंगावरची चरबी सुटून रक्तावाटें यकृताकडे येऊं लागते. यकृतानें त्यांतील कांहीं भाग जाळावयाचा व उरलेला बांधून पुन्हां बाहेर पाठवावयाचा असतो. परंतु तो बाहेर पाठविण्यास जीं प्रथिनें लागतात, तींच उपवासामुळें कमी पडलेलीं असतात. बाजारच्या गांवीं चहूंकडून धान्याच्या गाड्या येत राहाव्या, पण माल भरावयास पोतीं नसल्यामुळें एकही गाडी बाहेर जाऊं नये, आणि वखारींत, ओट्यावर व शेवटीं रस्त्यावर धान्याच्या राशी पडाव्या, तशी त्या यकृताची अवस्था होते. त्याच्या पेशी चरबीनें भरून फुगतात व आपलें काम करीनाशा होतात. मग डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या आणि कानाच्या आंतील कातडी पिवळी दिसूं लागते; म्हणजे कावीळ होते. यकृत बिघडलें कीं मळमळ सुटते, मळमळीमुळें अन्नाचा वासही नकोसा होतो, आणि जें मांजर आरंभीं एखाद्या क्षुल्लक कारणानें जेवलें नव्हतें, तें आतां उपवासामुळेंच जेवेनासें होतें. अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं १९७७ सालीं अशा तीन मांजरांची हकीकत प्रसिद्ध केली. आज हा विकार मांजरांच्या यकृतविकारांत नेहमीं आढळणारा म्हणून पशुवैद्यांस सुपरिचित आहे. लठ्ठ मांजरास त्याचें भय सर्वांत अधिक. "चांगलें गुबगुबीत आहे, चार दिवस न जेवलें तर काय होणार?" असें जें आपण म्हणतों, तें म्हणूनच उलटें आहे. जितकी चरबी अधिक, तितका यकृतावर पडणारा भार अधिक.

यावरून जो नियम निघतो तो प्रत्येक मुलानें लक्षांत ठेवावा. वाढलेल्या मांजरानें पूर्ण चोवीस तास कांहींच खाल्लें नाहीं, तर पशुवैद्यास विचारावें. दुसरा दिवस तसाच जाऊं लागला, तर त्याला दवाखान्यांत नेलेंच पाहिजे. लहान पिलाच्या अंगीं सांठा नसतोच, म्हणून त्याच्यासाठीं ही मुदत अर्ध्या दिवसाची समजावी. जें मांजर थोडेंथोडें खातें, परंतु आपल्या नेहमींच्या निम्म्याहूनही कमी, त्याची वाट दोनतीन दिवसांपेक्षां अधिक पाहूं नये. कारण अर्धा उपवास हाही उपवासच होय.

मात्र घाबरण्यापूर्वीं तें खरोखर उपाशी आहे काय, हें पाहिलें पाहिजे. मांजर आपल्याप्रमाणें दोन वेळां पोटभर जेवणारा प्राणी नव्हे. अन्न सदैव पुढें असेल तर तें दिवसरात्र मिळून दहा ते वीस वेळां थोडेंथोडें खातें. कारण उंदरासारखी लहान शिकार पुनःपुन्हां करून जगणें हा त्याचा मूळ स्वभाव. तेव्हां एखादी वेळ चुकली आणि मांजर खेळत, अंग चाटीत, उन्हांत पसरत असलें, तर चिंता नको. गल्लींत हिंडणारें मांजर चार घरचें पाहुणें असतें, शेजारीं विचारावें. आदल्या दिवशीं लस टोंचली असेल, तर एखादा दिवस तें मलूल राहतें व कमी खातें. परंतु यांपैकीं कांहींच नसेल, तर त्याला एका दिवसापुरतें घरांत ठेवून त्याचें खाणें, पाणी, लघवी व शौच यांवर डोळा ठेवावा. अनुमान करीत बसण्यापेक्षां एक दिवस नीट पाहणें अधिक उपयोगी.

पाहतांना पहिला प्रश्न असा विचारावा: मांजरास खावेंसें वाटत नाहीं, कीं खावेंसें वाटतें पण खातां येत नाहीं? हा भेद न ओळखल्यामुळें पुष्कळ वेळ व्यर्थ जातो. आमच्या वसतिगृहांतील एका विद्यार्थ्याच्या घरची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. मुलगा जून महिन्यांत शाळेस परत आला आणि आठवड्याच्या आंतच घरून निरोप आला, कीं त्याची भाटी जेवेनाशी झाली आहे. ती मुलाच्या वियोगानें झुरत आहे, असें घरच्या मंडळींनीं ठरविलें. मुलासही तें खरें वाटलें, आणि तोही पानावरून अर्धपोटीं उठूं लागला. सुदैवानें त्याचे मामा त्या वेळीं घरीं आले होते. ते शांतपणें बसून पाहत राहिले. भाटी बशीपाशीं धांवत येई, वास घेई, एक घांस उचली, मान तिरकी करून तो खालीं टाकी आणि पंजानें आपला गाल घांशी. ज्याची भूक मेली तो पानाकडे धांवत येत नाहीं, ही साधी गोष्ट मामांच्या ध्यानांत आली. दवाखान्यांत तोंड उघडून पाहतां मागची एक दाढ मोडलेली व भोंवतालची हिरडी पिकलेली आढळली. दाढ काढली, औषध दिलें, आणि तिसऱ्या दिवशीं भाटी मऊ अन्न खाऊं लागली. घरचें माणूस दूर गेल्यानें मांजर कष्टी होतें, हें खोटें नव्हे. परंतु मनाचें कारण मान्य करण्यापूर्वीं शरीराचें कारण शोधून पाहावें, एवढाच या गोष्टीचा बोध आहे.

खातां न येण्याचीं कारणें बहुधा तोंडांत सांपडतात: किडलेला किंवा मोडलेला दांत, सुजलेल्या हिरड्या, पडशाच्या रोगांत जिभेवर उठलेले फोड, अडकलेला माशाचा कांटा. शिवणाचा दोरा, पतंगाचा मांजा, नाताळच्या झाडावरील चकचकीत झिरमिळ्या हीं मांजराचीं आवडतीं खेळणीं. पण तीं गिळलीं गेलीं तर दोऱ्याचें एक टोंक जिभेच्या मुळाशीं गुंततें व दुसरें आंतड्यांत उतरतें. असा दोरा तोंडांतून किंवा गुदद्वारांतून बाहेर आलेला दिसला, तरी तो कदापि ओढूं नये. ओढल्यानें आंतडें कापलें जातें. पशुवैद्याकडेच जावें.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें आमचें कर्तव्य आहे. मांजराच्या तोंडांतून लाळ गळत असेल, त्याला गिळतां येत नसेल, आणि तें विनाकारण अंगावर येत असेल किंवा त्याचा स्वभाव एकाएकीं बदलला असेल, तर तो रेबीजचा म्हणजे पिसाळण्याचा रोगही असूं शकतो. अशा मांजराच्या तोंडांत कोणीही हात घालूं नये. त्याला खोलींत कोंडून वडील माणसांनीं पशुवैद्यास कळवावें. चावा किंवा ओरखडा बसलाच, तर ती जागा साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यावी. मुलांनीं मांजर ओरबाडल्याची गोष्ट घरीं लपवूं नये, व पालकांनींही ती सांगणाऱ्या मुलावर रागावूं नये.

आतां ज्याला खावेंसेंच वाटत नाहीं त्या मांजराचा विचार करूं. अन्नावरील वासना उडणें हा स्वतः रोग नव्हे. तें अनेक रोगांचें लक्षण आहे. ताप, आंतड्यांचे विकार, विषबाधा, म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा क्षय, हीं सर्व प्रथम याच रूपानें प्रकट होतात. मांजर आपलें दुखणें लपवितें. जो प्राणी स्वतः शिकारी आहे पण मोठ्या श्वापदांचें भक्ष्यही आहे, त्याला अशक्तपणा उघड करून दाखविणें परवडत नाहीं. तें कण्हत नाहीं. तें पलंगाखालीं, माळ्यावर किंवा कणगीमागें जाऊन बसतें. म्हणून भरलेली बशी हीच पुष्कळ वेळां त्याची एकुलती एक तक्रार असते.

कांहीं कारणें रोगाचीं नसून घरचीं असतात. घर बदलणें, नवा कुत्रा आणणें, पाहुण्यांची वर्दळ, दिवाळीचे फटाके, यांनीं मांजर बिचकतें व अन्न सोडतें. बशी त्याच्या शौचाच्या जागेजवळ ठेवली, किंवा तिला मुंग्या लागल्या, तरी तें तोंड लावीत नाहीं. अन्न एकाएकीं बदललें तरीही तसेंच होतें. जुन्यांत नवें थोडेंथोडें मिसळून आठवडाभरांत बदल करावा. आणखी एक गोष्ट. दूधभात किंवा दूधपोळी हें मांजराचें खरें अन्नच नव्हे. वाढलेल्या पुष्कळ मांजरांस दूध पचत नाहीं व त्यानें हगवण लागते. मांसमाशांत असणारें टॉरिन नांवाचें द्रव्य त्याच्या डोळ्यांस व हृदयास अवश्य लागतें. तें न मिळाल्यास मांजरांचें हृदय फुगून दुर्बळ होतें, हें १९८७ सालीं अमेरिकेंत सिद्ध झालें, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार अन्नांत तें द्रव्य अधिक प्रमाणांत घालण्यांत येऊं लागलें. ज्या घरीं मांस शिजत नाहीं, त्यांनीं बाजारांत मिळणारें मांजरांचें तयार अन्न द्यावें. आपलें व्रत आपल्यापाशीं. तें मुक्या प्राण्यावर लादूं नये.

पहिल्या दिवशीं घरीं काय करावें? मांजराच्या जेवणाचें दार म्हणजे त्याचें नाक. मनुष्याच्या जिभेवर रुचि ओळखणारे हजारों कोंब असतात, मांजराच्या जिभेवर कांहीं शेंच. आणि गोड चव तर त्याला मुळींच कळत नाहीं. गोडी ओळखण्यास लागणारा एक जनुक मांजरांत निकामी झालेला आहे, असें फिलाडेल्फिया येथील शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं दाखविलें. तेव्हां दुधांत साखर घालून त्याचें मन वळविण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. वासाचा उपाय मात्र उपयोगी पडतो. पडशानें नाक चोंदलें असेल तर कोमट पाण्यांत भिजविलेल्या मऊ फडक्यानें नाक व डोळे पुसावे. शीतकपाटांतील गार अन्नास वास येत नाहीं. म्हणून तें अंगाच्या उष्णतेइतकें, म्हणजे बोटास कोमट लागेल इतकें, ऊन करावें. शिकार केलेल्या उंदराचें अंग तेवढेंच ऊन असतें. मीठमसाल्यावांचून उकडलेली कोंबडी, कांटे काढलेला मासा किंवा त्यांचें नुसतें उकडलेलें पाणी चमचाभर पुढें ठेवावें. एक कण बोटावर घेऊन नाकाजवळ धरावा. घेतला तर उत्तम. न घेतला तर अर्ध्या तासानें बशी उचलून न्यावी व कांहीं वेळानें ताजें अन्न द्यावें. शिळें अन्न तासन्‌तास पुढें पडलें म्हणजे मळमळणाऱ्या प्राण्यास त्याचा अधिकच वीट येतो.

जागा शांत असावी. भोंवतीं मुलांचा घोळका नसावा. पाणी ताजें व बशीपासून थोडें दूर ठेवावें. मांजराचे पूर्वज पश्चिम आशियांतील रुक्ष प्रदेशांत राहणारे; बहुतेक पाणी तें शिकारीच्या मांसांतूनच मिळवीत. म्हणून मांजराची तहान मुळांत अल्प, आणि जेवण सुटलें कीं पाणीही सुटतें. मानेमागची कातडी हळूच चिमटींत धरून सोडावी. ती ताबडतोब पूर्ववत् झाली नाहीं व हिरड्या चिकट लागल्या, तर अंगांतील पाणी आटलें आहे असें समजावें. घरांत वजनकांटा असेल तर स्वतः मांजरास घेऊन उभें राहावें, मग एकट्यानें उभें राहावें, आणि वजाबाकी करावी. मांजर तीनचार किलोचें. त्याचें पावशेर वजन घटलें तरी तें मनुष्याच्या चारपांच किलोंइतकें होय. ही वजाबाकी आमच्या प्राथमिक वर्गांतील मुलेंही करूं शकतील.

काय करूं नये, हेंही तितकेंच महत्त्वाचें आहे. जबड्यांत चमचा घालून दूध किंवा पेज ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जाऊन फुप्फुसांस सूज येते. शिवाय मळमळत असतांना जें अन्न बळेंच भरविलें जातें, त्याचा मांजरास कायमचा तिटकारा बसतो, व बरें झाल्यावरही तें त्यास शिवत नाहीं. घरांतील माणसांचीं औषधें मुळींच देऊं नयेत. ज्या पॅरासिटामॉलच्या गोळीनें आपला ताप उतरतो, ती एकच गोळी मांजराचा प्राण घेऊं शकते. ती निर्विष करणारी शक्ति त्याच्या यकृतांत जवळजवळ नाहींच, आणि त्या विषानें रक्त प्राणवायु वाहून नेण्यास असमर्थ होतें. कांदा व लसूण यांनीं मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. म्हणून रश्श्यांतील तुकडा धुऊन देण्याची आपली रीतही बरी नव्हे. ईस्टरच्या दिवसांत प्रार्थनामंदिर सजविण्यास जी पांढरी लिली आणतात, तिचें पान, पराग किंवा फुलदाणींतील पाणीही मांजराच्या मूत्रपिंडांचा थोड्याच दिवसांत नाश करितें. उरलेलीं फुलें हौसेनें घरीं नेणाऱ्या मुलामुलींनीं हें विसरूं नये.

कांहीं लक्षणें अशीं आहेत कीं तीं दिसतांच चोवीस तासांची वाट पाहणेंही योग्य नाहीं. बोका पुनःपुन्हां लघवीस बसून ओरडतो, पण थेंबही पडत नाहीं. त्याचा मूत्रमार्ग बंद झालेला असतो, व एकदोन दिवसांत तो दगावूं शकतो. पुष्कळदां हें बद्धकोष्ठ समजून लोक वेळ दवडितात. वारंवार वांती, तोंड उघडें टाकून धापा, पिवळ्या, पांढऱ्या किंवा निळसर हिरड्या, शुद्ध हरपणें, विषाचा संशय, यांपैकीं एकही दिसलें तर तत्काळ निघावें. लस न टोंचलेलें पिलूं एकाएकीं अन्न सोडून वांत्या करूं लागलें व मलूल झालें, तर तो मांजरांचा पॅनल्यूकोपीनिया नांवाचा सांसर्गिक रोग असण्याचा संभव असतो. त्यांत एक रात्रही मोलाची असते. या रोगावर प्रतिबंधक लस आहे. ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून तीनचार आठवड्यांच्या अंतरानें सोळा आठवड्यांचें वय होईपर्यंत देतात.

दवाखाना फार दूर असतो असें नाहीं. पुष्कळ तालुक्यांच्या गांवीं सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो; तो गुरांचा दवाखाना म्हणून ओळखला जात असला तरी मांजरास तेथें मज्जाव नसतो. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय व बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे. मांजरास हातांत धरून गाडींत बसूं नये. झांकणाची टोपली किंवा वाऱ्यासाठीं भोकें पाडलेलें खोकें घ्यावें, आंत त्याच्या नेहमींच्या वासाचें फडकें घालावें व वरून चादर टाकावी. पशुवैद्य विचारतील तें आधींच कागदावर लिहून न्यावें: शेवटचें नीट जेवण केव्हां झालें, पाणी किती पितें, लघवी व शौच केव्हां झालें, वांती किती वेळां झाली व तींत काय होतें, घरांत उंदरांचें औषध टाकलें होतें काय, लस केव्हां टोंचली. बोलतां न येणाऱ्या रोग्याची बाजू मांडावयाची असते, आणि असला कागद नीट लिहिणारा विद्यार्थी पशुवैद्याचा अर्धा मदतनीसच ठरतो.

तेथें काय होतें हेंही सांगून ठेवितों, म्हणजे मुलें भिणार नाहींत. तोंड पाहतात, पोट चाचपतात, ताप पाहतात. मांजराची स्वाभाविक उष्णता साडेशंभर ते साडेएकशेंदोन अंश फॅरनहाइट असते, म्हणून आपल्या मानानें तें नेहमींच ऊन लागतें. मग जरूरीप्रमाणें रक्त तपासतात, कातडीखालीं किंवा शिरेंतून पाणी देतात, मळमळ थांबविणारें व भूक वाढविणारें औषध देतात. यकृत चरबीनें भरलें असेल, तर मानेच्या बाजूनें अन्ननलिकेंत एक मऊ नळी बसवून तिच्यावाटें पातळ अन्न देतात. हें ऐकावयास क्रूर वाटतें, पण मांजर नळीसह सुखानें झोंपतें व हिंडतें. आणि या विकारावर सर्वांत मोठें औषध म्हणजे अन्नच होय. कित्येक आठवडे दिवसांतून चारसहा वेळां ती नळी भरावी व धुवावी लागते, आणि तें काम घरच्या मंडळींसच करावें लागतें. ज्यांनीं तें वेळेवर आरंभिलें व नेटानें चालविलें, त्यांचीं बहुसंख्य मांजरें वांचतात. उशीर झाला म्हणजे आशा झपाट्यानें कमी होते.

सर्वच मांजरें बरीं होतात असें आम्ही म्हणत नाहीं. पंधरासोळा वर्षांच्या मांजराचीं मूत्रपिंडें झिजलीं असतील, तर पशुवैद्य तसें स्पष्ट सांगतील. तेव्हां पालकांनीं मुलांपासून तें लपवूं नये. "तें रानांत निघून गेलें" असें सांगितल्यानें मूल महिनाभर खिडकीशीं वाट पाहत बसतें. जें मूल मरणाऱ्या प्राण्याचें तोंड ओल्या फडक्यानें पुसतें व त्याच्या अंगावर पांघरूण घालतें, तें आपल्या हातून होण्याजोगें सर्व करितें. आणि पुढें एखाद्या आजारी माणसाच्या उशाशीं बसण्याची वेळ आली, तर तें तेथून पळून जात नाहीं. मुक्या जिवाची शुश्रूषा हें शिक्षण कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नाहीं.

शेवटीं एक लहानसें काम आम्ही वाचकांस सुचवितों. ज्या घरीं मांजर आहे, त्या घरांतील एका मुलानें किंवा मुलीनें रोज निजण्यापूर्वीं त्याची बशी पाहण्याचें काम आपल्याकडे घ्यावें: किती वाढलें, किती उरलें, पाणी किती गेलें. महिन्यांतून एकदां वजन करून पंचांगाच्या समासांत किंवा वहींत लिहावें. बशी भरलेली दिसली तर त्याच रात्रीं आईवडिलांस सांगावें. आणि आईवडिलांनीं "भूक लागली म्हणजे खाईल" असें म्हणून तें उडवून न लावतां, दुसऱ्या दिवशीं त्या वेळेपर्यंत काय होतें तें मुलासह पाहावें. तेवढ्या चोवीस तासांतच बहुधा सर्व कांहीं ठरत असतें.